गाण्यात मेलेला दादा

माझा भाऊ मेलेला असण्यावर आमचं घर बरं चाललं होतं, हे आधीच सांगून टाकते. मागून कुणी म्हणायला नको की हिनं लपवलं. आता तो काही मेलेला नव्हता. आतल्या खोलीत पाय पसरून बसायचा, चहात साखर कमी म्हणून कुरकुरायचा, आंघोळीला गेला की पाणी संपेपर्यंत बाहेर यायचा नाही. पण माझ्या वहिनीच्या गाण्यात तो बुडून मेला होता आणि ते गाणं ऐकून लोक ढसाढसा रडत होते. सांगा, काय करायचं?

वहिनी गाद्या शिवते. मशीनवर नाही, हातानं. कापूस भरलेली गादी जमिनीवर पसरायची, तिच्यावर गुडघे टेकायचे, लांबलचक दाभण आरपार घालायचं, दोरा वर घ्यायचा, आवळायचा, गाठ मारायची. खुपस, ओढ, आवळ. दिवसभर तेच. तिची सगळी गाणी त्याच तालात आहेत. एखादी ओळ सुचली की ती तोंडातल्या तोंडात घोळवते आणि गादी संपेपर्यंत गाणं पाठ झालेलं असतं. कारखान्यातल्या बायका म्हणतात, हिनं शिवलेल्या गादीवर डोकं टेकलं की कानाशी काहीतरी गुणगुणतं. बायकांचं काय, काहीही बोलतात.

गाताना ती एक वाद्य वाजवते. तेलाचा रिकामा डबा, त्याला लाकडी दांडा, दांड्यावर दोन तारा. तिच्या वडिलांनी बनवलेलं. त्याला नावबिव काही नाही, आम्ही डबाच म्हणतो. तिचा आवाज गोड नाही. थोडा घोगरा आहे, वरच्या पट्टीत चिरकतो. पण ती गायला लागली की समोरचा माणूस हातातलं काम खाली ठेवतो, एवढं मी पाहिलंय. मी तिची नणंद. कोपऱ्यावर माझं इस्त्रीचं दुकान आहे. मला सूर कळत नाही, पण माणूस आतून चुरगळलाय की नाही, ते लांबून कळतं.

दादा मालाच्या बोटीवर कामाला होता. वादळात बोट बुडाली. मालकाचा माणूस घरी आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, कुणी उरलं नाही. वहिनीनं त्याला पाणी दिलं. तो पाणी पिऊन गेला आणि ती परत कामावर गेली. मी म्हटलं, "वहिनी, आज तरी जाऊ नका." ती म्हणाली, "वन्सं, घरी बसले तर वेड लागेल." त्याच आठवड्यात, गादीवर गुडघे टेकून, तिनं ते गाणं केलं.

*खुंटीला सदरा, बाहीत हात नाही,*
*उशीला खळगा, डोक्याची वाट पाही.*
*पाण्यानं नेलं त्याला, पाण्याशी भांडू कशी?*
*तेच पाणी भरते मी, तेच पिते उपाशी.*

अशी आणखी कडवी आहेत. मी सगळी सांगत नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बाइंडर आहे. पुस्तकं बांधतो. अधूनमधून एखाद्या रविवारी दुपारी तो कामाची टेबलं भिंतीला सरकवतो, खुर्च्या मांडतो आणि कुणातरी एकाला गायला बसवतो. एकच गाणारा, माईक नाही, स्टेज नाही. पहिल्या रांगेतल्यांचे गुडघे गाणाऱ्याच्या गुडघ्यांना लागतात. खोलीत खळीचा आणि कातड्याचा वास. मागच्या बाजूला पडदा, पडद्यामागे खळ शिजवायची खोली. तिथं वहिनी पहिल्यांदा गायला बसली तेव्हा मी डबा उचलून सोबत गेले होते. तिनं ते गाणं म्हटलं. शेवटच्या कडव्याला तिचा गळाच दाटला. शब्द फुटेना. ती नुसती तार छेडत राहिली आणि मग घरात मारायची तशी हाक मारली, "अहो…"

बस. पुढं काही नाही. तार वाजतेय. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाप्या म्हणाला, "बाबा!" कुणाला हाक मारली, ते सगळ्यांना कळलं. मग एक बाई म्हणाली, "अगं ए." मग आणखी कुणी, आणखी कुणी. ज्याचं जे गेलेलं होतं, त्याला ज्या शब्दानं घरात हाक मारत, त्या शब्दानं. नाव नाही, फोटो नाही, भाषण नाही. नुसती हाक.

तेव्हापासून ती रीतच पडली. शेवटचं कडवं झालं की वहिनी तार छेडत राहायची, लोक एकेक करून हाक मारायचे आणि सगळ्यांच्या शेवटी ती "अहो" म्हणायची. मग गाणं संपायचं. बाइंडरनं एक नियम केला होता, हाका सुरू झाल्या की फोन खाली. कडवी हवी तर टिपून घ्या, हाका नाही. चांगला माणूस आहे तो, त्याला मी दोष देत नाही. पुढं दुसऱ्या ठिकाणांहून बोलावणी यायला लागली, वर चार पैसेही. कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या दुकानाच्या वर, एकदा तर एका दवाखान्याच्या बसायच्या खोलीत. कारखान्यात वहिनीला कुणी विचारत नव्हतं, इथं तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायचे. मी म्हटलं, चला, बिचारीला कुठंतरी मान आहे.

आणि मग आमचे बंधुराज जिवंत झाले.

झालं होतं असं, की बोट बुडायच्या आधीच्या बंदरावर हा स्वयंपाक्याशी भांडला होता. कशावरून? भाजीत मीठ जास्त! भांडून, पिशवी उचलून उतरला. दुसऱ्या दिवशी कळलं, सगळे गेले. "कुठल्या तोंडानं घरी येऊ?" तो मला म्हणाला. "त्यांच्या बायकापोरांना काय सांगू? मीठ जास्त होतं म्हणून मी वाचलो?" तिकडंच एका लाकडाच्या वखारीत राहिला. काढले की महिने, वर्ष झालं तरी काढत राहिला. एक दिवस कुणा ड्रायव्हरच्या फोनवर गाणं लागलं. खुंटीला सदरा, बाहीत हात नाही. यानं आवाज ओळखला. सदराही ओळखला. हातातली फळी टाकली आणि निघाला.

तो आला तेव्हा वहिनी घरी गादीचं कापड मोजत होती. तिनं वर पाहिलं आणि पहिल्यांदा हातातली मोजपट्टी त्याच्या पाठीत घातली. मग रडली. मी धावत गेले तर दोघं गादीवर बसलेली, ती त्याच्या बाहीला घट्ट धरून. मी त्याला म्हटलं, "अरे, मेलास तर मेलास, निदान कळवून तरी जिवंत व्हायचंस!" आणि मग मीही रडले. रडणार नाही तर काय करणार, भाऊ आहे माझा.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याच दिवशी सांगून टाकायचं लोकांना. तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तुम्ही त्या खोल्यांमध्ये बसलेला नाहीत. गाणं संपलं की बायका वहिनीचे हात हातात घ्यायच्या, सोडायच्याच नाहीत. "तुमचं झालं तेच माझं झालं," म्हणायच्या. त्यांना ती काय सांगणार, माझं तसं नाही झालं, माझे घरी भाजी निवडतायत? पुढच्या वेळी सांगू, असं करत करत ती खेप गेली, तिच्या पुढची गेली. आमच्या गल्लीत सगळ्यांना दादा आलेला माहीत होता. पण गल्लीतली माणसं गाणं ऐकायला एवढ्या लांब कशाला जातील? त्यांना वहिनीचा आवाज रोज भिंतीतून फुकट ऐकू येतो.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. गायला जाताना वहिनी बोटातली अंगठी काढून पिठाच्या डब्यात ठेवायची. फिके कपडे घालायची. दादाला नवा सदरा घेतला तर तो घालून तो फिरायचा कुठं? एकदा बाजारात गाठलंच एका बाईनं. गाणं ऐकून गेलेली. "हे कोण?" म्हणाली. वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "माझे भाऊ." ती बाई दादाला म्हणाली, "बहिणीला जपा हो." हा म्हणतो, "जपतो." त्यानंतर बाजारात जायचंच सोडलं त्यानं. कुणी दार वाजवलं की आपण होऊन आत जायचा, पडदा ओढून बसायचा. स्वतःच्या घरात! माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यातून वहिनी नवी गाणी करत होती, आणि काय गाणी! गाद्यांवरची, कारखान्याच्या पंख्यावरची, माझ्या इस्त्रीवरचं एक. आणि दादा परत आल्यावरचं एक, ते ऐकून मी दुकानात एकटी हसत बसले होते.

*मेला तेव्हा गुणी होता, जिता झाला, घोरतो,*
*थंडी पडली की माझं पांघरूण चोरतो.*

पण हे गाणार कुठं? ते गायचं तर आधी तो जिता झाला हे सांगायला हवं.

शेवटी एका सकाळी ती माझ्या दुकानात आली. म्हणाली, "वन्सं, या रविवारी बाइंडरकडे मी सांगणार. यांना सोबत नेते. पडद्यामागं बसवते. आधी नवी गाणी म्हणते, मग हाक मारते, हे बाहेर येतील, मी सगळ्यांसमोर सांगते आणि मग घोरायचं गाणं म्हणते. ते जुनं आता बंद. पुन्हा आयुष्यात म्हणायचं नाही."

"आणि लोक चिडले तर?"

"चिडू देत. मारणार तर नाहीत? पण हे असं नाही निभत आता. काल हे मला विचारत होते, मी खिडकीत उभा राहू का."

मी दादाच्या त्या नव्या सदऱ्याला अशी इस्त्री केली, अशी केली, की बाहीच्या घडीनं बोट कापलं असतं.

रविवारी आम्ही लवकर गेलो. दादाला मागच्या दारानं खळीच्या खोलीत नेऊन बसवलं. बाइंडरला फक्त एवढं सांगितलं, की घरचा माणूस आहे, सामान उचलायला आलाय. दादा घाबरला होता. "मी बाहेर येऊन काय म्हणू?" वहिनी म्हणाली, "काही म्हणू नका. मी हाक मारली की यायचं, बस." त्याला ते पुरेसं वाटलं. जेवायला बोलावलं की येतो, तसं यायचं. त्याला हाकांची रीत ठाऊकच नव्हती. फोनवर त्यानं गाणं ऐकलं होतं ते कडव्यांपर्यंत. आणि घरात वहिनी ते गाणं गात नसे. जित्या माणसासमोर कसं गाणार? ही रीत त्याला सांगायला हवी, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. एवढा विचार केला, आणि नेमकं हेच नाही.

खोली भरली. पहिल्या रांगेत नेहमीची कोटवाली बाई होती. उन्हाळा असो, नसो, तिच्या अंगात एक मोठा पुरुषी कोट असायचा, मांडीवर पिशवी. तिचा एकुलता एक मुलगा गेला होता, एवढं बाइंडरकडून कळलेलं. दरवेळी यायची. हाका सुरू झाल्या की तोंड उघडायची आणि मिटायची. आजवर तिच्या तोंडून हाक निघालेली नव्हती.

वहिनी सुरेख गायली. गादीचं गाणं झालं, पंख्याचं झालं. माणसं हसली. माझ्या इस्त्रीचं गाणं झालं तेव्हा लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी पदरानं तोंड झाकलं. वहिनीच्या मानेची शीर दिसत होती, पण डोळे चमकत होते. एकदा पडद्याकडे बघून घेतलं तिनं. मी मनात म्हटलं, बाई, आता मार हाक.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आता ते म्हणा."

"आज ते नाही म्हणणार," वहिनी म्हणाली. "आज मला तुम्हाला दुसरंच काहीतरी सांगायचंय."

कोटवाली बाई खुर्चीत पुढे सरकली. अगदी हळू म्हणाली, "मी आज ठरवून आले होते हो. आज मी हाक मारणार होते."

झालं! आता हिला नाही कसं म्हणायचं? तुम्ही म्हटलं असतं? वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको नको म्हणून. तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, "बरं. आज शेवटचं."

ती गायली. खुंटीला सदरा, बाहीत हात नाही. पडद्यामागं तोच माणूस नवा सदरा घालून बसलेला, आणि इकडं लोकांच्या डोळ्यांना रुमाल. मला हसावं की रडावं कळेना. शेवटचं कडवं झालं. तार वाजत राहिली. फोन खाली गेले. हाका सुरू झाल्या. "बाबा!" "अगं ए." "चिमे!" "मास्तर." एका म्हाताऱ्यानं नुसतं "शुक शुक" केलं. बायकोला तसंच बोलवत असेल. मग सगळे थांबले. कोटवालीची पाळी होती. तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज निघेना. आम्ही वाट पाहिली. तिनं मान हलवली आणि खाली घातली.

तिला फार वेळ तसं ठेवायला नको म्हणून वहिनीनं घाईनं आपली हाक मारली.

"अहो…"

"आलो, आलो!"

आणि पडदा बाजूला सारून आमचा दादा बाहेर आला. कडक सदरा, केस विंचरलेले, कोपराला खळीनं चिकटलेला कागदाचा कपटा. लोकांकडे बघून हसला. मान लववली. बिचाऱ्यानं सांगितलं तसं अगदी चोख केलं होतं.

एक बाई किंचाळली. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. वहिनीचा हात तारेवर तसाच. दादाचं हसू हळूहळू गेलं. तो तिला म्हणाला, "तू हाक मारलीस ना?"

मग वहिनी उभी राहिली. "हे माझे मिस्टर," ती म्हणाली. "हे बुडाले नव्हते. घरी येऊनही बरेच दिवस झालेत. मी तुम्हाला सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. आज सांगायला म्हणूनच यांना आणलं होतं."

"म्हणजे आम्ही रडलो ते काय?" एक जण म्हणाला. तोच, दरवेळी "बाबा" म्हणणारा. उठला आणि ताडताड निघून गेला. जाताना खुर्ची पडली, ती कुणी उचलली नाही.

मी वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. वाटलं, आता कोसळते. तर कसलं काय! ती मोकळी झाली होती. खांदे उतरले होते, गालांवर रंग आला होता. कितीतरी दिवसांनी मी तिला तसं पाहिलं. ती खाली बसली, डबा मांडीवर घेतला आणि दादाकडे बघत सुरू केलं, "मेला तेव्हा गुणी होता, जिता झाला, घोरतो…" कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा लाजला. मला इतका आनंद झाला म्हणता! म्हटलं, सुटलो. सगळे सुटलो एकदाचे.

"थांबा," कोटवाली बाई म्हणाली.

वहिनी थांबली. ती बाई वहिनीकडे बघत नव्हती. दादाकडे बघत होती.

"तुम्ही परत आत जाता का?" ती म्हणाली. "आणि पडदा ओढून घ्या."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. कुणालाच काही कळलं नाही. मोठ्या माणसाचा शब्द म्हणून तो आत गेला. पडदा ओढला. बाईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. कोटाच्या बाह्या मुठीत धरल्या. आणि एवढ्या सगळ्या रविवारांत जे निघालं नव्हतं ते निघालं, खणखणीत, आख्खी गल्ली ऐकेल असं.

"सोन्या!"

पडद्यामागं काही नाही. माझा भाऊ एरवी झोपेतसुद्धा बडबडतो, पण तिथं काही नाही. ती वाट बघत राहिली. मी देवाला म्हटलं, याला सुबुद्धी दे, गप्प बसू दे. आणि लगेच म्हटलं, नाही, बोलू दे, ही बाई मरेल नाहीतर.

"आलो, आई," दादा म्हणाला.

आमच्या आईला तो असंच म्हणायचा. त्याच आवाजात, 'ई' थोडी लांबवून. मला फार राग आला, कुणाचा ते अजून कळलेलं नाही. ती बाई ओरडली नाही, रडली नाही. खुर्चीला पाठ टेकून बसली, दिवसभर उभं राहून घरी आलेला माणूस बसतो तशी.

मग काय, बांधच फुटला. "चिमे" म्हणणारी उठून पडद्याजवळ गेली. "शुक शुक" करणारा म्हातारा म्हणाला, "माझ्या बायकोचंही होईल का?" आतून दादा म्हणाला, "आजोबा, बाईमाणसाचं मी कसं…" म्हातारा म्हणाला, "आवाजाचं राहू दे रे. ओ दिली म्हणजे झालं." आणि थोड्या वेळानं दारात तो मघाशी उठून गेलेला माणूस येऊन उभा राहिला. पडलेली खुर्ची उचलून तिच्यावर बसला. म्हणाला, "बाबा!" माझ्या भावापेक्षा तो वयानं थोराड असेल. दादानं त्यालाही ओ दिली.

वहिनी तार छेडत होती. थांबणार कशी? घोरायचं गाणं तिथंच राहिलं, दोन ओळींवर.

पुढच्या खेपेला बाइंडरनं पडदा नवा घेतला. वहिनी म्हणाली, मी नवी गाणी म्हणेन फक्त. तो म्हणाला, म्हणा की, आधी म्हणा. आधी म्हटलेली गाणी लोक कशी ऐकतात, ठाऊक आहे? जेवण यायची वाट बघत पाणी पितात, तशी. दादा म्हणाला, मी येणार नाही. तर कोटवाली बाई गादीच्या कारखान्यात आली. वहिनीनं समजावलं, आता जमणार नाही. बाई "बरं" म्हणाली. आणि एका अर्धवट शिवलेल्या गादीवर कारखाना बंद होईपर्यंत बसून राहिली. काही मागितलं नाही, काही बोलली नाही. नाही म्हणून बघा तुम्ही अशा माणसाला! पूर्वी दादाला गाण्यासाठी घरी लपवावं लागायचं. आता त्याला गाण्यासाठी गावभर नेऊन लपवावं लागतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात, ते हेच.

तो शिकलाही त्यात. कुणाला "आलो" म्हणायचं, कुणाला "काय गं", कुणाला नुसतं "हं". लोक आधी येऊन सांगतात, हा लक्षात ठेवतो. एका हाकेला उशिरा ओ द्यायची असते, कारण तो मुलगा ऐकूनही मुद्दाम उशीर करायचा. दादा तेवढा थांबतो. बाहेर आला की घामानं भिजलेला असतो. माझी इस्त्री वाया.

एकदा सगळ्यांच्या हाका झाल्यावर वहिनीनं आपली मारली, "अहो…" आणि दादानं ओ दिली, "आलो." खोलीत चुळबुळ झाली. हे कुणाला आवडलं नाही. कोटवाली बाई मग वहिनीचा हात हातात घेऊन म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली, "तुमचे तर घरीच आहेत की हो. तुमची हाक तशीच राहू द्या ना, आमच्यासाठी." बाइंडरही म्हणाला, शेवट तसाच शोभतो. वहिनीनं मान डोलावली. तेव्हापासून दादा सगळ्यांना ओ देतो, आणि वहिनीची हाक आली की गप्प बसतो. तसं ठरलंय.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे सदरे द्यायला गेले. वहिनी स्वयंपाकघरात होती. दादा आतल्या खोलीत, पडदा ओढलेला. मी सदरे खुंटीला लावत होते. वहिनीनं हाक मारली, "अहो, जेवायला या."

आत काही नाही.

मला वाटलं, झोपला असेल. पडदा सारून बघते तर हा पलंगावर ताठ बसलेला. हात गुडघ्यांवर, मान खाली, ओठ मिटलेले. टक्क जागा.

"अरे दादा!" मी ओरडले. "तुला बोलावतायत ना! ओ दे की!"

तो दचकला. माझ्याकडे बघत राहिला. "मला होय?" म्हणाला. आणि मग "आलो, आलो" करत उठला, चप्पल शोधायला लागला.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनीनं स्वतःपुरतं एकच ताट वाढलं होतं आणि ती जेवायला बसली होती.